स्वस्त गिटारीवरचे संस्कार

लालबाजारच्या पोलीस-कचेरीपासून उत्तरेकडे निघून पुढे जोडासांकोच्या ठाकूरवाड्यावरून जाणारा रस्ता सरकारदप्तरी रवींद्र सरणी म्हणून नोंदला गेला असला, तरी जुन्या माणसांच्या तोंडी तो अद्याप चितपूर रोडच आहे. त्याच्या आरंभीच्या टप्प्यात वाद्यांची दुकाने ओळीने लागतात. आणि तेथे सतारी, सरोद, तबले, श्रीखोल व वरातीच्या बँडची पितळी वाद्ये यांच्या मेळ्यात लाल, काळ्या, आकाशी रंगांच्या इलेक्ट्रिक गिटारीही टांगलेल्या दिसतात. ही गिटार घेणारा बहुधा महाविद्यालयीन विद्यार्थी असतो, त्याच्या खिशात शिकवण्यांचे किंवा पहिल्या पगाराचे पैसे असतात, आणि सहा महिने लोटण्याच्या आत त्याचा असा पक्का ग्रह झालेला असतो की आपली बोटे दुखतात, सूर जुळत नाही आणि ध्वनिवर्धकातून अखंड गुणगुण ऐकू येते, या साऱ्याचे कारण वाद्य स्वस्तातले आहे हे होय. सबब त्यावर महागडे वाद्य घेण्यावाचून इलाज नाही. या निदानाचा पूर्वार्ध अर्धा खरा आहे आणि उत्तरार्ध बहुतांशी खोटा. स्वस्त गिटार बनविणारा कारखानदार लाकूड, चुंबक आणि तारा यांत जी काटकसर करतो, तिच्याहून मोठी काटकसर तो हातकामात करतो. पडद्यांची टोके घासणे, तारांच्या खाचा योग्य तेवढ्याच खोल कोरणे, मानेचा बाक जुळविणे, आतील जोडण्यांना नीट डाख देणे, ही कामे यंत्राच्या सपाट्यात उरकत नाहीत. त्यांना जाणत्या माणसाचे दोन-तीन तास लागतात, आणि त्या तासांचे मोल वाचवूनच किंमत खाली आणलेली असते. ही राहून गेलेली मजुरी मागाहून घालता येते, आणि ती घालण्यास कलकत्त्याइतके सोयीचे शहर हिंदुस्थानात क्वचितच दुसरे असेल.

परदेशी वाद्य आणावे आणि आपल्या गरजेप्रमाणे त्यात फेरफार करून ते नव्याने उभे करावे, हा या शहराचा जुना शिरस्ता आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथील द्वारकिन कंपनीचे द्वारकानाथ घोष यांनी पायाने भाता चालविण्याच्या विलायती हार्मोनियमचे रूपांतर जमिनीवर बसून एका हाताने भाता हलविता येईल अशा पेटीत केले. आमच्या भजन-कीर्तनाचे जिच्यावाचून पुढे पान हलेना, ती हीच पेटी. गिटारीची कथा याहून थोडी निराळी आहे. हवाई बेटांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून, बोटांऐवजी पोलादी कांडी तारांवर फिरवून वाजविण्याची पद्धत रूढ झाली. सामोआत जन्मलेले वादक टाऊ मो हे आपल्या कुटुंबासह १९४०च्या दशकात कलकत्त्यात वास्तव्य करून होते आणि त्यांच्यासारख्यांच्या वादनाने ही पद्धत बंगाली मध्यमवर्गाच्या घरांत शिरली. मींड आणि गमक यांना सोयीची म्हणून रवींद्रसंगीतासाठी ती मुलामुलींना रीतसर शिकविली जाऊ लागली, काझी नझरुल इस्लामांचे पुत्र काझी अनिरुद्ध यांनी ती वाजविली, आणि सुनील गांगुलींच्या विजेच्या हवाईयन गिटारीवरील चित्रपटगीतांच्या ध्वनिमुद्रिका तर महाराष्ट्रातील लग्नमंडपांतूनही वाजत. येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. जगात विक्रीसाठी तयार झालेली पहिली यशस्वी इलेक्ट्रिक गिटार, म्हणजे अमेरिकेतील रिकनबॅकर कंपनीने १९३२ साली बाजारात आणलेली अॅल्युमिनियमच्या अंगाची ‘फ्राइंग पॅन’, हीसुद्धा मांडीवर ठेवून वाजविण्याचीच होती. तेव्हा कलकत्त्यात विजेची गिटार रॉक संगीताच्या पुष्कळ आधी, आणि तीही स्वगृही आल्यासारखी, आली असे म्हणण्यास हरकत नाही.

त्या काळच्या अनेक हवाईयन गिटारी या मुळात साध्या स्पॅनिश धाटणीच्या असत आणि मानेच्या टोकाला उंच पट्टी बसवून, तारा वर उचलून, पोटात चुंबकाचा पिकअप अडकवून त्यांना नवे रूप दिले जाई. याच परंपरेचे अत्यंत प्रगत टोक म्हणजे १९६३ साली जन्मलेले कलकत्त्याचे देबाशिष भट्टाचार्य. ब्रिजभूषण काबरा यांच्या या शिष्याने रागसंगीतासाठी २४ तारांची ‘चतुरंगुई’, १४ तारांची ‘गांधर्वी’ आणि ४ तारांची ‘आनंदी’ अशी तीन वाद्ये सिद्ध केली. आपल्या विद्यार्थ्याला एवढी मजल मारायची नसते; पण गिटार हे पेटीबंद आलेले आणि हात लावू नये असे वाद्य आहे ही समजूत दूर होण्यास हे उदाहरण पुरेसे आहे.

उभ्याने वाजविण्याच्या इलेक्ट्रिक गिटारीला मात्र येथे दीर्घकाळ दुर्भिक्षात दिवस काढावे लागले. पार्क स्ट्रीटवरील उपाहारगृहांत जॅझ आणि पॉप यांचा दरबार भरत होता, कार्लटन किटो यांच्यासारखा बीबॉप शैलीचा गिटारवादक या शहरात २०१६ साली मृत्यू येईपर्यंत वाजवीत व शिकवीत होता, १९७५च्या सुमारास गौतम चट्टोपाध्याय आणि त्यांच्या साथीदारांनी ‘मोहीनेर घोडागुली’ हा बंगाली बँड उभा केला. परंतु १९९१पूर्वीच्या परवाना-अमदानीत परदेशी वाद्य आणणे म्हणजे परवाना, जकात आणि परदेशस्थ नातलग या तिहींची एकसमयावच्छेदेकरून कृपा होणे. ती न झाल्यास स्थानिक कारागिरीचा आश्रय घ्यावा लागे. गिबटोन, गिवसन, हॉबनर, सिग्नेचर ही नावे देशभरच्या गिटार शिकणाऱ्यांच्या ओळखीची आहेत, ती कलकत्त्यातली. आणि महाराष्ट्रातही ज्याने चाळीस वर्षांपूर्वी गिटार हाती धरली त्याची पहिली गिटार यांपैकीच एखादी असण्याचा संभव मोठा. पुढे कॅक्टस, चंद्रबिंदू, फॉसिल्स या बंगाली बँडांच्या पिढीला आयातीची दारे उघडी मिळाली खरी, तथापि दुर्भिक्षाने शिकविलेली हिकमत दुकानांच्या मागच्या खोल्यांतून टिकून राहिली.

आता प्रत्यक्ष वाद्याकडे वळू. खर्चाचा क्रम काय असावा, हा खरा प्रश्न आहे. आणि बहुतेक तरुण तो उलटा लावतात. ते प्रथम पिकअप बदलतात, कारण जाहिरात त्याची असते. माझ्या मते पहिला रुपया मानेच्या शेंड्याशी असलेल्या त्या बोटभर पांढऱ्या पट्टीवर खर्च करावा, जिच्या खाचांतून सहा तारा खुंट्यांकडे जातात आणि जिला नट म्हणतात. स्वस्त गिटारीत ती पोकळ प्लास्टिकची असते आणि तिच्या खाचा हटकून उथळ ठेवलेल्या असतात, कारण खाच खोल गेली तर तार पहिल्या पडद्यावर घासून वाद्य नादुरुस्त ठरते, उथळ राहिली तर मात्र गिऱ्हाईक स्वतःच्याच बोटांना दोष देते. उथळ खाचेमुळे तार पडद्यांपासून उंच राहते. पहिल्या-दुसऱ्या पडद्यावर ती दाबताना नको इतकी ताणली जाते आणि म्हणून खुल्या तारा सुरात असूनही साधा स्वरमेळ चढा लागतो. परीक्षा सोपी आहे. तिसऱ्या पडद्याशी तार दाबून धरावी आणि पहिल्या पडद्यावर तिच्याखाली किती फट उरते ते पाहावे. ती केसभर असावी, नखभर असू नये.

या कामाला चितपूर रोडवरील जुना सतारकाम करणारा कारागीर का उपयोगी पडतो, हे त्याच्याकडे थोडा वेळ बसल्याखेरीज कळत नाही. सतारीच्या घोडीचा पृष्ठभाग घासून जवारी खोलणे हे ज्याच्या हातचे काम आहे, त्याला हाडाच्या अंगावरून केसाच्या अंशाइतके द्रव्य काढणे आणि पुन्हा कान लावून ऐकणे याची जन्माची सवय असते. एके काळी या कामासाठी सांबराचे शिंग वापरीत; वन्यजीव-संरक्षणाच्या कायद्यांनी ती वाट बंद केल्यापासून उंटाचे वा म्हशीचे हाड आणि कृत्रिम द्रव्ये आली, आणि गिटारीच्या नटासाठी तेच हाड उत्तम ठरते. एका अरुंद गाळ्यात मी पाहिले की एक तरुण आपली गिटार पुढे करून म्हणत होता, “दादा, प्लास्टिकच राहू द्या, नुसते घासून द्या.” कारागीर चष्म्यावरून पाहत म्हणाला, “घासून देईन, पण हे भुसभुशीत आहे बाबा, तार यात रुतत जाईल आणि चार महिन्यांत परत येशील. हाड घाल. आणि कोणत्या जाडीच्या तारा लावणार ते आधी ठरव, खाच तारेच्या मापाने कापतात.” ही शेवटची सूचना मोलाची आहे. ०.००९ इंचाच्या पहिल्या तारेसाठी कापलेल्या खाचेत ०.०११ची तार अडकते, आणि अडकलेली तार सूर धरीत नाही; मग लोक खुंट्यांना नावे ठेवतात आणि विनाकारण नव्या खुंट्यांवर पैसे घालवतात.

नटानंतर पडदे. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकविता येणारे असतात. गिटारीचे मानेच्या लाकडात ठोकून कायमचे बसविलेले असतात, आणि त्यांतला एखादा इतरांहून किंचित वर राहिला की त्याच्या मागील स्वर खरखरतो. सपाट, सरळ पट्टीवर पॉलिश-पेपर चिकटवून सर्व पडदे एका पातळीत आणणे, नंतर प्रत्येकाचा माथा अर्धगोल कानशीने पुन्हा घडविणे आणि तळहाताला टोचणारी टोके मोडणे, असे हे काम आहे. वेळखाऊ, कंटाळवाणे आणि वाद्याचा कायापालट करणारे. मानेच्या पोटात एक पोलादी सळई असते, जिचे एकस्व गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांना १९२३ साली मिळाले. तारांच्या ओढीने पुढे वाकणाऱ्या मानेला ती मागे खेचते. पहिला आणि शेवटचा पडदा एकाच वेळी दाबून सातव्या-आठव्या पडद्याशी तारेखाली पाव मिलिमीटरच्या आसपास फट राहील इतका बाक ठेवावा. कलकत्त्यात हे एकदा जुळवून भागत नाही, कारण आषाढ-श्रावणातील ओलसर हवेने फुगलेले लाकूड आणि दुर्गापूजा आटोपून थंडीची कोरडी हवा लागल्यावरचे लाकूड यांचे वर्तन एक नसते. सळईचा नट एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये, आणि फिरेनासा झाल्यास जोर करू नये. तुटलेल्या सळईची दुरुस्ती गिटारीच्या किमतीहून महाग पडते.

अखेरीस घोडी. बाराव्या पडद्यावर दाबलेला स्वर आणि तेथेच तारेला नुसता स्पर्श करून काढलेला स्वयंभू स्वर हे दोन्ही एकच सप्तकांतर दाखवीत नसतील, तर घोडीवरील त्या तारेचा आधार स्क्रूने मागेपुढे सरकवितात: दाबलेला स्वर चढा असल्यास मागे, उतरता असल्यास पुढे. याला पेचकसाखेरीज काही लागत नाही. घोडीचे किंवा मानेचे स्क्रू लाकडात गुळगुळीत होऊन फिरू लागले असतील, तर बऊबाजारातील फर्निचरवाल्यांच्या ओळीत कोणताही सुतार जुने भोक टणक लाकडाच्या गोल काडीने व सरसाने बुजवून पुन्हा पाडून देतो. फेंडर कंपनीने १९५०च्या सुमारास गिटारीची मान चार स्क्रूंनी धडाला जोडण्याची पद्धत रूढ केली, तिचा हा फायदा स्वस्त गिटारींना आजही मिळतो. लिओ फेंडर हे व्यवसायाने रेडिओ-दुरुस्ती करणारे होते आणि त्यांना स्वतःला गिटार वाजविता येत नसे, ही माहिती पुष्कळ वादकांना अप्रिय वाटते; मला ती फार उद्बोधक वाटते.

एवढे झाल्यावर विजेच्या भागाला हात घालावा. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती गुंडाळलेली अतिसूक्ष्म तांब्याची तार. फेंडरच्या जुन्या धाटणीच्या पिकअपमध्ये तिचे सुमारे ८,००० वेढे असतात. पोलादी तार त्यावर कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. दुर्दैवाने हेच वेढे घरातील ५० हर्ट्झच्या विजेचीही गुणगुण तितक्याच निष्ठेने पकडतात. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली याला तोड काढली: उलट दिशेने गुंडाळलेली आणि उलट ध्रुवांची दोन वेटोळी जोडावी, म्हणजे तारेचा नाद दुणावतो आणि गुणगुण परस्परांत विरून जाते. ज्याच्या गिटारीत एकेरी पिकअप आहेत त्याने नवे घेण्याआधी आतील पोकळीला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवून तो भूमीच्या तारेला डाखावा आणि घोडीपासून निघालेली भूमीची तार खरोखरच जोडलेली आहे काय ते पाहावे. स्वस्त वाद्यांत ती पुष्कळदा सुटलेली किंवा रंगाच्या थरावर नुसती टेकलेली आढळते.

यासाठी लागणारे जिनसी सामान कलकत्त्याच्या चांदनी चौकात मिळते. तेथील गल्ल्यांतून रेडिओ, पंखे, मोबाइल आणि घड्याळे यांची आतडी उघडी पडलेली असतात, आणि आवाज कमीजास्त करणारे पॉट, कपॅसिटर, खटके हे सारे अल्प मोलात घेता येते. एकेरी पिकअपला २५० किलो-ओहमचा पॉट आणि जोडवेटोळ्याला ५०० किलो-ओहमचा, असा सामान्य संकेत आहे. कमी रोधाचा पॉट वरचे टोकदार स्वर थोडे गिळतो, अधिक रोधाचा ते राहू देतो. स्वर मऊ करणारा कपॅसिटर पहिल्याला ०.०४७ आणि दुसऱ्याला ०.०२२ मायक्रोफॅरडचा घेतात, आणि तो जुना, तेलात भिजविलेल्या कागदाचा, विलायती असावा असा जो आग्रह धरला जातो त्याकडे खुशाल दुर्लक्ष करावे. मूल्य तेच असेल तर साधा फिल्म कपॅसिटर तेच काम करतो. आवाज कमी करताच स्वर मंद पडत असेल, तर पॉटचे पिकअपकडून येणारे टोक आणि मधले टोक यांत ०.००१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १५० किलो-ओहमचा रोध डाखला की वरचे स्वर वाट काढतात. या एका डाखाचा परिणाम ऐकून माणसे थक्क होतात.

ध्वनी फाडून खडबडीत करणारी ‘फझ’ नावाची पेटीही याच बाजारातील सामानातून बनते: दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रोध व कपॅसिटर, नऊ व्होल्टची बॅटरी. इंग्लंडमध्ये १९६६ साली आलेल्या ‘फझ फेस’ या प्रसिद्ध पेटीत जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते आणि तसलेच वापरावेत अशी भाविकांची श्रद्धा आहे. पण जर्मेनियम उष्णतेला हळवे असते, त्यातून गळणारा प्रवाह तापमानाबरोबर वाढतो, आणि वैशाखातील कलकत्त्यात दुपारी साधलेला स्वर रात्रीच्या मैफलीत हाती लागत नाही. येथे सिलिकॉनचा साधा ट्रान्झिस्टर घ्यावा. ज्या अर्धवाहक द्रव्यांवर हा सारा खेळ चालतो, त्यांच्या उपयोगाचे एक अगदी आरंभीचे एकस्व, गॅलेनाच्या स्फटिकाने विद्युत्-लहरी ओळखण्याचे, १९०४ साली याच शहरातील प्रेसिडेन्सी कॉलेजच्या जगदीशचंद्र बसूंना मिळाले होते, आणि त्यांची आरंभीची उपकरणे एका स्थानिक पत्रेकामाच्या कारागिराने घडविली होती. बसूंचे नाव आज ज्या सर्क्युलर रोडच्या दक्षिण भागाला दिले आहे, तो रस्ता नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली खणलेल्या मराठा खंदकाच्या वाटेने जातो. चांदनीतून त्या बाजूला जाताना मराठी मनुष्याला किंचित संकोच वाटावा.

ध्वनिवर्धकाविषयी थोडक्यात. पूर्वी दिव्यांच्या रेडिओला मागे ग्रामोफोनसाठी जे छिद्र असे त्यात गिटार जोडण्याची युक्ती सर्वत्र चालत असे. ती आज कोणी करू नये. त्यांतील कित्येक रेडिओंत ट्रान्सफॉर्मर नसे, सांगाडा थेट विजेच्या तारेला जोडलेला असे, आणि गिटारीच्या तारा भूमीच्या तारेशी जोडलेल्या असल्याने वादकाची बोटे सरळ त्या प्रवाहाच्या संपर्कात येत. उत्तर कलकत्त्यातील जुन्या वाड्यांत विजेच्या प्लगचे तिसरे, भूमीचे छिद्र भिंतीत दिसते, पण त्यामागे तार असतेच असे नाही. वायरमनकडून त्याची खातरजमा करून घेणे हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत किफायतशीर खर्च होय. ज्याच्यापाशी पिकअप आणि स्पीकर यांपैकी एकाचेच पैसे आहेत त्याने चांगला स्पीकर किंवा चांगला वापरलेला ध्वनिवर्धक घ्यावा. कानाला ऐकू येते ते अखेरीस कागदाच्या शंकूतून.

पिकअपची पाळी मी इतकी शेवटी लावतो याला एक थोर आधार आहे. लंडनचे गिटारवादक ब्रायन मे यांनी १९६३ साली आपल्या वडिलांच्या मदतीने घरीच गिटार बनविण्यास घेतली. मानेला जुन्या शेगडीच्या चौकटीचे कीड लागलेले लाकूड, कंपयंत्राला मोटारसायकलच्या स्प्रिंगा, मानेवरील खुणांना आईच्या शिंपल्याच्या गुंड्या. दोन वर्षे असे सारे हाताने केल्यावर पिकअपही त्यांनी स्वतः गुंडाळून पाहिले, समाधान झाले नाही, आणि तेवढे मात्र विकत घेतले. त्याच गिटारीच्या साथीने पुढे ज्यांनी जग गाजविले ते गायक फ्रेडी मर्क्युरी शाळेत होते आपल्या पाचगणीला, हा योगायोग मराठी वाचकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

व्यवहाराची एक बाब राहिली. काढलेला प्रत्येक भाग, तो प्लास्टिकचा नट असो की मूळचा पिकअप, चिठ्ठी लावून पुडीत ठेवावा आणि जोडणीचे चित्र काढून गिटारीच्या पिशवीत टाकावे. जुन्या वाद्यांचा व्यापारी बदललेल्या भागांचे दाम देत नाही, किंबहुना त्यामुळे किंमत उतरवूनच मागतो. मूळचे भाग सोबत असले तर विक्रीपूर्वी ते परत बसविता येतात आणि आपले पिकअप, आपला पॉट, आपला कपॅसिटर पुढच्या गिटारीसाठी घरी राहतो. हाडाचा नट मात्र काढू नये. तो त्या मानेच्या मापाने घासलेला असतो आणि दुसरीकडे बसत नाही.